मोजमाप पुस्तिकेत नसलेली वाट

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आमच्या घराच्या फाटकातून रस्त्यावर यायचे तर नऊ इंच रुंदीच्या एका फळीवरून यावे लागत होते. ती सेंट्रिंगची फळी होती. सिमेंटचे थर सुकून खरखरीत झालेली, कडेला खिळ्यांची भोके पडलेली आणि मधोमध पाय पडला की लचकणारी. खाली कमरेएवढा खोल चर होता. त्यात सांडपाण्याची नवी वाहिनी टाकायची होती, आणि जुनी वाहिनी अजून वाहती असल्यामुळे तळाशी काळे पाणी साचलेले असे. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे दत्ताच्या देवळात जायला निघाल्या, फाटकाशी आल्या, चपलेचे टोक फळीवर टेकवून पाहिले आणि पाय मागे घेऊन काही न बोलता घरात परतल्या. त्यानंतरच्या पावणेचार महिन्यांत त्या दोनदाच घराबाहेर पडल्या. दोन्ही वेळा डॉक्टरांकडे जायचे होते, आणि दोन्ही वेळा शेजारच्या दोन मुलांनी चरात मातीची पोती रचून पायरी केली आणि त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून पलीकडे नेले.

रस्त्याच्या कामाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करते. कोथरूडच्या जुन्या भागातल्या आमच्या गल्लीतील सांडपाण्याची वाहिनी बैठ्या घरांच्या काळातली होती. घरांच्या जागी चार-चार मजली इमारती आल्या, वाहिनी मात्र तेवढीच राहिली, आणि दर पावसाळ्यात चेंबरमधून घाण पाणी वर येऊन लोकांच्या वाहनतळात शिरू लागले. काम व्हायला हवेच होते आणि ते झाल्याचा आम्हाला आनंद आहे. माझे म्हणणे कामाच्या काळाविषयी आहे, आणि ते एका मुद्द्याभोवती आहे: रस्ता खोदलेला असताना प्रत्येक फाटकापासून चालत्या रस्त्यापर्यंत जाणारी सुरक्षित वाट ही त्या कामाची एक स्वतंत्र बाब मानली पाहिजे, तिचे मोजमाप झाले पाहिजे, तिला दर असला पाहिजे आणि ती नसेल तर ठेकेदाराचे देयक, म्हणजे बिल, अडले पाहिजे. ती कोणाच्या सौजन्यावर किंवा आठवणीवर सोडता कामा नये.

आमची गल्ली वीस फूट रुंद आहे आणि दुतर्फा मिळून तिच्यावर २२ फाटके उघडतात. एका फाटकातून दिवसभरात काय काय आत येते आणि बाहेर जाते, याचा विचार रस्ता चालू असताना कोणी करत नाही, कारण करायची गरजच पडत नाही. पहाटे दूध आणि वर्तमानपत्र, मग शाळेच्या रिक्षासाठी दप्तरे सांभाळत निघालेली मुले, धुण्याभांड्याच्या मावशी, ओला-सुका कचरा घ्यायला येणाऱ्या ताई, भाजीची हातगाडी, गॅसचा सिलिंडर, इस्त्रीचे कपडे, औषधांची पिशवी, महिन्याचा किराणा, केव्हातरी रुग्णवाहिका. चर पडल्यावर यांतली एकेक गोष्ट गल्लीच्या तोंडाशी थांबू लागली. सिलिंडर पोहोचवणाऱ्याचे काही चुकत नव्हते. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो खांद्यावर घेऊन त्या फळीवरून या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मग तो तोंडाशी उतरवला जाई आणि संध्याकाळी घरातले कोणीतरी परत आले की दोघे मिळून आणत. कचऱ्याच्या ताई कोपऱ्यावर उभ्या राहून शिट्टी वाजवत आणि प्रत्येक घरातून एकेकजण दोन डबे घेऊन फळीवरून तोल सांभाळत जाई. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी सलग चार घरे करतात. त्यांना रोज चार फळ्या जाताना आणि चार येताना ओलांडाव्या लागत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पाय घसरला, घोटा मुरगळला आणि आठ दिवस चारही घरांचे काम बुडाले. त्यांचा पगार त्या चार घरांनी कापला नाही. तो कापायचा की नाही हे घराघरावर अवलंबून होते, हे मात्र खरे.

शिवाय धूळ होती. मार्च-एप्रिलच्या उन्हात खिडक्या बंद ठेवून राहणे काय असते ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आमच्या गच्चीवर दरवर्षी तीन घरांच्या मिळून कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, भल्या पहाटे तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत साऱ्या कुरडया घालून व्हायच्या. मागच्या वर्षी एक खेप घातली. दुपारी वर जाऊन पाहिले तर पांढऱ्या कुरडयांवर पिठासारखी राखाडी धूळ बसली होती, ओल्या चिकावर बसल्यामुळे झटकून निघेना. ती सगळी खेप टाकून द्यावी लागली. या नुकसानीचा आकडा फार मोठा होणार नाही, हे मला कळते. परंतु रस्त्याच्या कामाचा खर्च म्हणून जो काही आकडा जाहीर होतो, त्यात न धरलेला बराच मोठा भाग असा लहान लहान तुकड्यांनी घराघरांत भरला जातो, आणि तो भरणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, घरातली म्हातारी माणसे असतात, किंवा त्या घरांवर जिचे पोट आहे अशी मोलकरीण असते. कामाला निघून जाणाऱ्याला हा त्रास दिवसातून दोनदा होतो. घर चालवणाऱ्या व्यक्तीला तो दिवसभर होतो.

हे का होते, याचे उत्तर शोधताना माणसांच्या बेपर्वाईवर बोट ठेवणे सोपे असते. कामावरचे लोक मला बेपर्वा वाटले नाहीत. माझे मामा सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. एप्रिलमध्ये ते आमच्याकडे आले, फळीवरून अलीकडे आले, आणि चहा होईपर्यंत त्यांनी मला मोजमाप पुस्तिकेविषयी जे सांगितले त्यातून या सगळ्याची किल्ली मला सापडली. सरकारी किंवा महापालिकेच्या कामात आधी अंदाजपत्रक होते. त्यात कामाच्या एकेक बाबीची ओळ असते: खोदाई इतके घनमीटर, वाहिनी इतके मीटर, काँक्रीट इतके घनमीटर. प्रत्येक ओळीला दरसूचीतला दर असतो. काम होत जाते तसे कनिष्ठ अभियंता टेपने मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, त्या नोंदीवर देयक निघते, आणि त्या देयकावर ठेकेदाराचे यंत्र, डिझेल आणि मजुरी चालते. "अगं, पुस्तिकेत ज्याची ओळ नाही त्यासाठी कोणी मजूर लावत नाही," असे ते म्हणाले, आणि हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कोणाविषयी राग नव्हता. आमच्या फाटकापुढची फळी ही अशीच ओळ नसलेली गोष्ट होती. ती कोणीतरी भलेपणाने टाकली होती, म्हणून निदान ती तरी होती.

या व्यवस्थेत घरापर्यंतच्या वाटेचे स्थान काय आहे, हे नियमांच्या भाषेतच दिसते. रस्ते आणि पुलांच्या कामांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे जे तांत्रिक विनिर्देश देशभर आधार म्हणून वापरले जातात, त्यांत वाहनांसाठी बांधलेला तात्पुरता वळणरस्ता लांबीच्या मीटरवर मोजण्याची तरतूद आहे. कामाच्या काळातील रहदारीच्या बाकीच्या व्यवस्था मात्र कामाला अनुषंगिक मानलेल्या आहेत, म्हणजे त्या ठेकेदाराने आपल्या दरातच सांभाळून घ्यायच्या. महामार्गावर ते समजण्यासारखे आहे. तिथे दर पंधरा पावलांवर कोणाचे घर नसते. परंतु तोच साचा शहरातल्या गल्लीला लावला की मोटारीच्या वळणाला मोजमाप मिळते आणि म्हातारीच्या पावलाला मिळत नाही. रस्त्यांची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी एसपी ५५ ही मार्गदर्शिका काढलेली आहे आणि तिच्यात पादचाऱ्यांचाही विचार आहे. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण मंजूर केले, रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. चालणाऱ्या माणसाचा असा विचार करणारे शहर म्हणून मला पुण्याचा अभिमान आहे. त्या विचाराचा भर मात्र पूर्ण झालेल्या रस्त्यावर राहिला. खोदलेल्या रस्त्यावरही तीच माणसे महिनोन्‌महिने चालत असतात.

तेव्हा निविदेत एक ओळ वाढवावी: फाटकापुढील तात्पुरती वाट, किमान एक मीटर रुंद, घसरू नये अशा चेकर्ड पोलादी पत्र्याची, दोन्ही बाजूंना कमरेइतका कठडा, रात्री दिवा, मोजमाप नगावर आणि दिवसांवर. ज्या दिवशी वाट जागेवर नसेल त्या दिवसाचे पैसे मिळणार नाहीत. हे पत्रे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जातात, वर्षानुवर्षे टिकतात, आणि काम संपल्यावर भंगार म्हणूनही त्यांना किंमत येते. अंदाजपत्रकात खोदाई, वाहिनी, काँक्रीट यांच्यापुढे या ओळीचा भार किती पडेल, हे कोणीही अनुभवी अभियंता एका दुपारी काढून देऊ शकेल. तो भार पडू नये म्हणून आज तो २२ घरांवर टाकला जातो, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट एका वेळी किती रस्ता उघडायचा याची. आमच्याकडे पहिल्या पाच दिवसांत सगळी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत खोदून झाली, आणि पुढचे पाच आठवडे त्या चरात एकाच टोकाला काम चालू राहिले. उरलेला चर नुसताच उघडा होता. हेही मामांनीच उलगडून सांगितले. जेसीबी भाड्याने येतो, तो एकदा आणला की शक्य तेवढे खोदून घेणे परवडते. आणि खोदाईची बाब लगेच मोजता येत असल्यामुळे पहिल्या चालू देयकात, म्हणजे काम सुरू असतानाच निघणाऱ्या बिलात, तिचे पैसे हाती पडतात. वाहिनी टाकून, चाचणी घेऊन, चर बुजवून, वरचा थर करणे हे सावकाशीचे आणि उशिरा मोबदला देणारे काम. म्हणजे सगळा रस्ता एकदम उघडण्यातच ठेकेदाराचा हिशेब बसतो, आणि त्याला तसे करू देणारी देयकाची रचना आपणच केलेली आहे. ती बदलता येते. एका वेळी पन्नास मीटरपेक्षा जास्त लांबी उघडी ठेवायची नाही, आणि मागचा तुकडा चालण्याजोगा झाल्याशिवाय पुढच्या तुकड्याच्या खोदाईची नोंद पुस्तिकेत घ्यायची नाही, एवढी अट घातली तर तेच यंत्र, तेच मजूर आणि तोच ठेकेदार वेगळ्या क्रमाने काम करतील. एकूण काम कदाचित दोन-तीन आठवडे लांबेल. परंतु एका घरापुढचा चर सोळा आठवड्यांऐवजी दोन-तीन आठवडेच उघडा राहील, आणि घरात राहणाऱ्या माणसाला दुसरा आकडा महत्त्वाचा असतो. काम किती दिवसांत पूर्ण केले हे सांगणाऱ्या फलकावर पहिलाच आकडा असतो.

तिसरी गोष्ट माहितीची, आणि इथे मला एका तरुण पर्यवेक्षकाविषयी लिहायचे आहे. काँक्रीट ओतून झाल्यावर रस्ता तयार दिसू लागला, तरी तो आठवडा उलटला तरी खुला होईना. लोक चिडले. दोघांनी अडथळे सरकवून स्कूटर नेली आणि ओल्या गोणपाटावरून घसरून एकजण पडला. दुसऱ्या दिवशी हा मुलगा खडू घेऊन आला आणि त्याने प्रत्येक फाटकाच्या खांबावर लिहिले: "काँक्रीट दि. ४. पाणी मारणे दि. १८ पर्यंत. पायी चालण्यास हरकत नाही. चाक दि. २ नंतर." जो कोणी विचारेल त्याला तो थांबून समजावून सांगे की सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होते, म्हणून दोन आठवडे त्याला ओले ठेवावे लागते, आणि २८ दिवसांनंतर येणारी ताकद हीच हिशेबाची ताकद धरतात, त्याआधी जड चाक गेले तर तडा जातो आणि तो तडा कायमचा राहतो. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत कोणी अडथळा सरकवला नाही. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त मास्तर तर संध्याकाळी स्वतः नळी धरून गोणपाट भिजवू लागले. चार ओळींच्या खडूने हे झाले. याउलट त्याआधीच्या महिन्यात आमचा नळजोड यंत्राच्या दातात येऊन तुटला, तेव्हा तो केव्हा जोडला जाईल हे चार दिवस कोणीच सांगू शकत नव्हते. त्या चार दिवसांतला त्रास पाण्याच्या अभावाचा जेवढा होता, तेवढाच कळशी भरून ठेवायची की टँकर मागवायचा हे न ठरवता येण्याचा होता. पाणी गुरुवारी सकाळी येईल हे ठाऊक असेल तर घर बुधवारपर्यंत निभावून नेते. म्हणून फाटकावरची तारीख हीसुद्धा कामाची बाब झाली पाहिजे आणि ती बदलली तर आदल्या दिवशी बदललेली दिसली पाहिजे.

एक परिणाम मात्र काम संपल्यावरही उरला आहे. पूर्वी रस्त्यावरून आमच्या अंगणात यायला एक पायरी चढावी लागे. आता एक पायरी उतरावी लागते. जुना थर पुरता खरवडून न काढता त्यावर नवा थर चढवला की रस्ता दर खेपेस वर येतो आणि घराचे जोते जागच्या जागी राहते. डांबराच्या थरांनी हे हळूहळू व्हायचे, काँक्रीटने ते एका दमात होते. पहिल्याच वळवाच्या सरीला रस्त्यावरचे पाणी फाटकाच्या खालून अंगणात आले, प्राजक्ताच्या आळ्यात साचले आणि जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपासून चार बोटांवर थांबले. आता आम्ही फाटकाशी विटांचा उंबरा बांधला आहे, आणि सासूबाईंना पुन्हा देवळात जाता येऊ लागले असले तरी त्या उंबऱ्याशी हात धरायला कोणीतरी लागते. रस्त्याची नवी पातळी लगतच्या सर्वांत खालच्या जोत्यापेक्षा वर जाणार नाही, ही अट आराखड्याच्या कागदावर प्रत्येक फाटकाच्या पातळीसह नोंदलेली असावी. पातळी काढायला ऑटो लेव्हल हे साधे उपकरण लागते, ते अशा प्रत्येक कामावर असतेच. ते आमच्याही गल्लीत रोज उभे असायचे. रस्त्याचा उतार त्याने काटेकोर मोजला, घरांची पातळी कोणी मोजायला सांगितली नव्हती.

या सगळ्याला जोडूनच वारंवार होणाऱ्या खोदाईचा प्रश्न येतो. पाणी, सांडपाणी, पावसाळी गटार, वीज, गॅस, इंटरनेटची तार, प्रत्येकाची वाहिनी वेगळी, यंत्रणा वेगळी आणि वर्ष वेगळे. पुण्याला याबाबत बाहेरचे उदाहरण देण्याची गरज नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले गेले, ते जमिनीखालच्या बांधीव नळातून. त्या नळात माणसाला उतरून चालता येत असे, आणि ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे वर जमिनीवर उघडणारी उभी तोंडे, ठेवलेले होते. गाळ काढायचा असो वा दुरुस्ती असो, उच्छ्वासातून आत उतरायचे. त्यासाठी वरची जमीन फोडावी लागत नव्हती. त्या पाण्यावर पेठांमधले हौद भरत. दोनशे सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी ते बांधले त्यांना हे समजले होते की जमिनीखालच्या गोष्टीची देखभाल करावी लागणार आहे आणि ती करताना वर राहणाऱ्यांचे जगणे थांबता कामा नये. नव्या काँक्रीट रस्त्याखाली केबलसाठी रिकाम्या वाहिन्या आणि ठरावीक अंतरावर चेंबर टाकून ठेवणे हा त्याच विचाराचा आजचा अवतार आहे. काही मोठ्या रस्त्यांवर तसे होऊ लागले आहे. गल्ल्यांनाही तो न्याय मिळायला हवा, कारण गल्लीत पर्यायी रस्ता नसतो.

कायद्याचा आधार नाही असेही नाही. महापालिकांच्या १९४९ च्या अधिनियमात रस्त्याचे काम चालू असताना अपघात टाळण्यासाठी आडोसा करणे, लगतच्या इमारतींना आधार देणे आणि रात्री पुरेसा उजेड ठेवणे या जबाबदाऱ्या सांगितलेल्या आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे निवासी भागात चालवता येत नाहीत. तरी आमच्याकडे तीन रात्री रस्ता फोडणारा ब्रेकर चालला, त्यातली एक रात्र समोरच्या मुलीच्या दहावीच्या गणिताच्या पेपरच्या आधीची होती. चांगला, सुरक्षित रस्ता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. मात्र कायद्यातली जबाबदारी सिद्ध करायला नागरिकाला न्यायालयात जावे लागते आणि निविदेतली अट पाळून घ्यायला कनिष्ठ अभियंत्याची एक सही पुरते. म्हणून माझा भर निविदेवर आहे.

यावर काही प्रामाणिक आक्षेप घेतले जातात. वीस फुटी गल्लीत चर, मातीचा ढीग, यंत्र आणि माणसांची वाट हे सगळे बसणारच कसे, असे एका अभियंत्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुन्हा लांबीतच आहे: पन्नास मीटरचाच तुकडा उघडा असेल तर माती तिथल्या तिथे ढीग करून न ठेवता उचलून नेता येते, आणि राडारोड्याने अडणारी जागाच वाटेला मिळते. सगळ्यांनी थोडी कळ सोसली पाहिजे, असे दुसरे म्हणणे असते, आणि ते म्हणणारे बहुधा स्वतःही कळ सोसलेले असतात. आमच्या पिढीने पानशेतच्या पुरानंतरचे हाल ऐकलेले आहेत, वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू होईपर्यंत पौड आणि कर्वे रस्त्यांवरची कित्येक वर्षे पाहिलेली आहेत. सोसण्याची सवय पुण्याला नाही असे कोणी म्हणू नये. परंतु कळ सोसायला सांगताना ती कोणाच्या वाट्याला किती येते हे पाहावे लागते. तिशीतला माणूस फळीवरून उडी मारून जातो आणि संध्याकाळपर्यंत ते विसरतो. गुडघे गेलेल्या, गरोदर, आंधळ्या किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला ती फळी म्हणजे बंद दार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम सार्वजनिक जागा सुगम असाव्यात असे सांगतो, त्यात कामाचा काळ वगळलेला नाही.

आणि त्या चराच्या काठावर आणखी एक घर होते, त्याचाही उल्लेख झाला पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी निळ्या ताडपत्रीच्या दोन पालांमध्ये कामावरची तीन कुटुंबे राहत होती. त्यांची मुले त्याच चरापाशी खेळायची. त्यांना पिण्याचे पाणी कोणत्याही ओळीत धरलेले नव्हते; ते आमच्या आणि शेजारच्या नळावरून भरत, आणि आमचा नळजोड तुटला तेव्हा त्यांचेही पाणी तुटले. फाटकापुढची वाट आणि मजुरांच्या पाण्याची टाकी या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने राहून जातात, आणि एकाच रीतीने मिळू शकतात.

मग हे मागायचे कोणाकडे? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर पुण्याचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात आमच्यासारख्यांना दाद मागायला क्षेत्रीय कार्यालयाची खिडकी तेवढी उरली. लोकप्रतिनिधी असले म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही, पण फाटकापुढच्या चराविषयी ज्याला रात्री नऊ वाजता हाक मारता येते असा माणूस असणे वेगळे. पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेण्याची चांगली प्रथा आहे. कोणते काम हवे ते नागरिक अर्ज भरून सुचवू शकतात. त्या अर्जावर काम कसे व्हावे यासाठी मात्र जागा नाही. ती करावी. कार्यादेश निघण्यापूर्वी कनिष्ठ अभियंत्याने आणि ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाने गल्लीतून एकदा चालत जावे, प्रत्येक फाटकाशी थांबून आत कोण राहते आणि त्यांना काय लागते ते लिहून घ्यावे, आणि तो कागद निविदेच्या कागदपत्रांचा भाग व्हावा.

शेजारच्या गल्लीचे काम येत्या दिवाळीनंतर निघणार असे कळले आहे. तिथल्या चार-पाच जणींनी आणि आम्ही मिळून गेल्या दोन रविवारी टेप घेऊन ही पाहणी स्वतःच केली. तिथे ३१ फाटके आहेत. प्रत्येकापुढे जोत्याची उंची, नळजोडाची आणि चेंबरची जागा, घरातल्या माणसांची गरज आणि लागणारी वाट अशा रकाने पाडलेल्या कागदावर नोंदी केल्या आहेत, आणि सोमवारी तो कागद क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यायची आहे. सातव्या फाटकापुढची नोंद अशी आहे: तळमजला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मंगळवार व शुक्रवार, निघण्याची वेळ सकाळी साडेसहा, चाकाची खुर्ची, रुंदी २७ इंच.